यंत्राची सोय कुणाला, झळ कुणाला?

उन्हाळा लागला, सोसायटीच्या फळ्यावर पाणीकपातीची सूचना झळकली, की नवी मुंबईतल्या इमारतींमध्ये एक वाद हमखास पेटतो. ग्रुपवर कुणीतरी पाट्या-वरवंट्याचा फोटो टाकतं. खाली मजकूर असतो की आपल्या आज्या जात्यावर दळायच्या, विहिरीचं पाणी शेंदायच्या, म्हणून त्यांना ना गुडघेदुखी होती ना मधुमेह. यंत्रं आली आणि घराचं घरपण गेलं. त्यावर दुसरी बाजू उसळून उठते: बायकांना पुन्हा चुलीपुढे बसवायचा हा डाव आहे, यंत्र नको असेल तर आधी स्वतः चार बादल्या धुणं धुऊन दाखवा. दोन दिवस शब्दाला शब्द लागतो आणि पाणी सुरळीत झालं की सगळे गप्प होतात. दोन्हीकडची माणसं मनापासून बोलत असतात, यात शंका नाही. पण हा वाद मुळात चुकीच्या जागी लढला जातोय. तो असाच चालू राहिला तर खऱ्या प्रश्नाला कुणाचा हातच लागणार नाही.

घरातली यंत्रं चांगली की वाईट, या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात मला रस नाही. यंत्राचा फायदा कुणाच्या पदरात पडतो आणि त्याचा भुर्दंड कोण भरतं, हे विचारायला हवं. माझं म्हणणं असं की घरात येणाऱ्या यंत्राला कुणी नाक मुरडू नये. मात्र त्या यंत्रातून उंबऱ्याबाहेर जाणारं पाणी, उष्णता आणि भंगार हा त्या घराचा खासगी मामला राहत नाही. तो सगळ्यांचा होतो, आणि त्याचा निकाल सगळ्यांना बांधणाऱ्या नियमानेच लागायला हवा. बाईच्या कष्टाळूपणावर किंवा आळसावर बोट ठेवून तो लागणार नाही.

आधी जात्याची बाजू घेणाऱ्यांबद्दल. ओव्यांचं सौंदर्य मला कमी लेखायचं नाही. मराठीतली किती तरी अस्सल कविता जात्यावरच जन्मली. पण त्या ओव्या भल्या पहाटे उठून घरादाराचं दळण एकटीने ओढणाऱ्या बाईच्या शिणावरचा उतारा होत्या. त्या नीट ऐकल्या तर सासुरवासाचं आणि दमलेल्या हातांचं दुःख त्यांच्यात ठायी ठायी भेटतं. आज्यांना आजार नव्हते असं आपण म्हणतो, कारण त्यांच्या आजारांची नोंद कुणी ठेवलीच नाही. माझी आजी जुन्नरकडची. बाळंतपणानंतर पुरती विश्रांती न मिळता हंडे उचलावे लागले म्हणून ‘अंग बाहेर येण्याचा’ त्रास तिच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी जन्मभर लुगड्याआड लपवला. चुलीच्या धुराने गेलेले डोळे आणि धाप लागलेली छाती ही तर घरोघरची गोष्ट होती. गॅसची शेगडी, कुकर, मिक्सर, नळाचं पाणी यांनी बाईच्या देहावरचं जे ओझं उतरवलं ते पुन्हा चढवण्याची भाषा कुणी करत असेल, तर त्याला माझा विरोध आहे आणि त्यात मला कसलीही तडजोड नको आहे. फ्रिजचंही तसंच. ज्या घरात इन्शुलिन ठेवायचं असतं त्या घराला माठाचं कौतुक सांगून काय उपयोग?

म्हणून यंत्रांची बाजू मांडणाऱ्यांचं सगळंच मान्य होतं असंही नाही. यंत्राने बाईला वेळ दिला, हा त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. तो खराही आहे. पण तो वेळ गेला कुठे? अमेरिकेत आपल्या कितीतरी आधी घरोघरी यंत्रं पोचली. तिथे १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोकरी न करणाऱ्या गृहिणींच्या घरकामाचे तास तपासले होते. १९२४ च्या सुमाराला आठवड्याला ते सुमारे ५२ होते, आणि १९६० च्या दशकात, धुलाईयंत्र आणि व्हॅक्यूम क्लीनर येऊनही, ५५ च्या घरात. वेळ वाचला तसा अपेक्षांचा पट्टाही वर सरकला. आपल्याकडे वेगळं काय झालं? पूर्वी चादरी महिन्यातून एकदा भिजायच्या, आता आठवड्याला. शाळेचा गणवेश दोन दिवस चालायचा, आता रोज धुतलेला हवा. मशीन कपडे धुतं. पण पांढरे-रंगीत वेगळे काढणं, खिसे तपासणं, कॉलर घासून ठेवणं, वाळत घालणं, पावसाचे चार थेंब पडले की धावत जाऊन काढणं आणि रात्री घड्या घालणं ही कामं कोण करतं? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरच्या बायकांपैकी ८१ टक्के जणी रोज बिनपगारी घरकाम करताना आढळल्या, पुरुषांपैकी २६ टक्के. जे करत होते त्यांचाही हिशेब बघा: बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, पुरुष ९७. घरात यंत्र आलं म्हणून घरातली वाटणी आपोआप बदलत नाही. ती बदलायला माणसांनीच बदलावं लागतं, आणि त्या जबाबदारीतून ‘आता मशीन आहे ना’ या चार शब्दांत हात झटकता येतात.

हाच प्रश्न घरकामाला येणाऱ्या ताईंबाबतही विचारायला हवा. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला, पण घरात यंत्र आलं की त्यांच्या पगाराचं काय करायचं हे अजून प्रत्येक घर आपल्या मनाने ठरवतं. टाळेबंदीत बऱ्याच घरांनी डिशवॉशर घेतले आणि भांड्यांचं काम कायमचं बंद केलं. दिघा किंवा तुर्भ्याच्या वस्तीतून येणाऱ्या बाईचा महिन्याचा हिशेब त्याने कोलमडला, हे त्या घरांना जाणवलंही नाही. मशीन असलेल्या घरातही ताईंना कपडे हातानेच धुवायला लावणारे लोक मी पाहिले आहेत, ‘मशीनने कापड खराब होतं’ म्हणून. सोयीचा हक्क फक्त मालकिणीच्याच हातांना असतो का?

आता पाण्याकडे वळते, कारण आपल्या भागात हा प्रश्न सगळ्यात ठसठशीत दिसतो. कुठल्याही फ्लॅटमध्ये ओट्यावरच्या आरओच्या, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी दाबून गाळणाऱ्या यंत्राच्या, पेटीजवळ उभं राहून बघा. करंगळीहून बारीक अशी एक पांढरी नळी सिंकमध्ये सोडलेली असते. पिण्याच्या पाण्याची टाकी भरत असते तेवढा वेळ त्या नळीतून स्वच्छ, दिसायला अगदी पिण्यासारखं पाणी गटारात वाहत राहतं. घरगुती आरओ साधारण एक लिटर पाणी देताना तीन लिटर टाकून देतो. चौघांच्या कुटुंबाला पिण्या-स्वयंपाकाला रोज वीस लिटर लागतं असं धरलं, तर साठ लिटर वाया. दोनशे घरांच्या सोसायटीत बारा हजार लिटर, म्हणजे रोज एका मोठ्या टँकरपेक्षा जास्त. आणि हे सगळं त्याच सोसायटीत, जिथे पाणीकपातीची सूचना लावलेली असते.

बरं, हे यंत्र आपल्याला लागतं का? आरओचं खरं काम पाण्यात विरघळलेले क्षार काढण्याचं. राजस्थानात, मराठवाड्यात, बोअरवेलचं जड पाणी जिथे प्यावं लागतं तिथे ते वरदान आहे. नवी मुंबईच्या बऱ्याच भागाला पाणी येतं ते खालापूर तालुक्यात धावरी नदीवर बांधलेल्या मोरबे धरणातून. सह्याद्रीच्या पावसाचं हे पाणी मुळातच मऊ असतं. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, म्हणजे टीडीएस, मोजणारा पेनाएवढा मीटर दोन-चारशे रुपयांत मिळतो. माझ्या घरच्या नळाखाली धरला की आकडा शंभराच्या आत राहतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. ओव्हरहेड टाकीत जंतू होऊ शकतात, हे खरं. पण त्यासाठी टाकी वेळेवर धुणं, झाकण घट्ट बसवणं, आणि घरात यूव्हीचं, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं, साधं यंत्र किंवा उकळलेलं पाणी पुरतं. यूव्ही एक थेंबही टाकून देत नाही. मग घरोघरी आरओ पोचला कसा? विक्रेता दारात येतो, नळाच्या पाण्याच्या ग्लासात विजेच्या दोन कांड्या सोडतो आणि पाणी तपकिरी, गढूळ होतं. शेजारच्या आरओच्या ग्लासात काही होत नाही. घरातली माणसं हादरतात. तो गाळ पाण्यातला नसतो, त्या लोखंडी कांडीचाच असतो. पाण्यात थोडे क्षार असले की वीज वाहते आणि कांडी झिजते. क्षार नसले की वीज वाहत नाही. जे क्षार शरीराला हवेत त्यांनाच घाण ठरवणारा हा प्रयोग सुशिक्षित घरांमध्येही बिनबोभाट खपतो, याचा मला संताप येतो.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य करायला हवी. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या कितीतरी संकुलांत पालिकेचं पाणी पुरत नाही, टँकर येतो, आणि टँकरवाल्याने ते कुठल्या बोअरमधून भरलं हे विचारून उपयोग नसतो. तिथल्या आईने लहान मुलासाठी आरओ घेतला तर तिला दोष देणं हा अन्याय आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओला बंदी घालण्याचे निर्देश दिले होते. पुढे ते प्रकरण कोर्टकचेरीत अडकलं, आणि दुकानांत आजही पत्ता न विचारता आरओ विकला जातो. म्हणजे ज्याला गरज आहे त्याला आणि ज्याला नाही त्यालाही तेच यंत्र, आणि वाया जाणाऱ्या पाण्याचा जाब कुणालाच नाही. हे पाणी आलं कुठून ते जरा आठवू या. भातसा धरण शहापूर तालुक्यात आहे, तानसाही. मुंबई-ठाण्याची तहान भागवणाऱ्या त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातात. मोरबेच्या धरणग्रस्तांनी आपल्या हक्कासाठी वर्षानुवर्षं भांडण चालवलं. त्यांच्या जमिनी बुडवून आणलेलं पाणी आपण त्या पांढऱ्या नळीतून सोडून देतो.

एसीची गोष्ट अधिक अवघड आहे, कारण तिथे विरोधकांचा मुद्दा आणखी जोरकस आहे. एसी ही चैन राहिलेली नाही, असं ते म्हणतात. मलाही ते पटतं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानातल्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. उष्णता माणसं मारते, हे आपण आपल्या अंगणात पाहिलं आहे. ज्या घरात हृदयरोगी म्हातारे आहेत, तान्हं बाळ आहे, तिथे दुपारी एसी लावणं ही काळजीच आहे. पण एसी थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता त्यात मिसळतो. दीड टनाचा एसी जोरात चालतो तेव्हा खोलीतली साधारण सव्वापाच किलोवॉट उष्णता ओढतो, दीडेक किलोवॉट वीज घेतो आणि पावणेसातच्या आसपास बाहेर फेकतो. दोन इमारतींमधल्या चिंचोळ्या बोळात अशी वीस-पंचवीस युनिटं एकमेकांकडे तोंड करून लावली की त्या बोळाचं काय होतं? आमच्या शेजारच्या इमारतीत वॉचमनची पत्र्याची केबिन नेमकी अशाच युनिटांच्या रांगेखाली आहे. मे महिन्यात रात्री अकराला तिथे उभं राहिलं तर भट्टीचं दार उघडल्यासारखी हवा अंगावर येते, वरून पाण्याचे थेंब पडत असतात, आणि तो माणूस पुठ्ठ्याने वारा घेत रजिस्टर लिहीत असतो. पहिल्या मजल्यावरच्या घरांनी खिडक्या बंद केल्या आहेत. त्यातल्या काहींनी आता स्वतःही एसी घेतला, कारण खिडकी उघडता येत नाही. शेजाऱ्याची सोय अशी माझी सक्ती होते.

ही सक्ती मला सगळ्यात जास्त टोचते. यंत्र येतं तेव्हा तो एक पर्याय असतो, आणि हळूहळू घरं त्याच्या भरवशावर बांधली जाऊ लागतात, मग दुसरा पर्यायच उरत नाही. याच नवी मुंबईत, बेलापूरला, १९८० च्या दशकात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी सिडकोसाठी, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी, बैठ्या घरांची वसाहत रचली. लहान घरं, मध्ये अंगणं, वारा खेळायला वाट. आज उभ्या राहणाऱ्या टॉवरांच्या जाहिराती बघा: काचेच्या भिंती, आरपार वारा नाही, कपडे वाळवायला बाल्कनी नाही, असली तरी ‘दर्शनी भागात कपडे दिसू नयेत’ असा सोसायटीचा नियम. म्हणजे एसी हवाच, ड्रायर हवाच. बिल्डरने वाचवलेली जागा आणि सावली रहिवासी पुढची तीस वर्षं वीजबिलातून भरतो. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास विजेचं ग्रिड कोलमडलं, मुंबईसह ठाणे-नवी मुंबई अंधारात गेली. तेव्हा पंचविसाव्या मजल्यावर ना लिफ्ट, ना नळाला पाणी, ना उघडणारी पुरेशी खिडकी. जुन्या चार मजली इमारतीत राहणाऱ्यांना उकडलं, पण जगणं थांबलं नाही. ज्या यंत्राविना घर चालूच शकत नाही, त्याला सोय म्हणायचं की परावलंबन?

यावर तीन आक्षेप नेहमी येतात. पहिला: माझं बिल मी भरतो, तुम्ही कोण विचारणारे? बिल विजेचं भरलं जातं; वॉचमनच्या डोक्यावर सोडलेल्या उष्णतेचं बिल कुठे येतं? दुसरा: ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने आणि पालिकेच्या फुटक्या जलवाहिन्या घरांपेक्षा कितीतरी जास्त नासाडी करतात, त्यांना धरा. अगदी खरं आहे, धराच. गळती थांबवणं हे पालिकेचं पहिलं काम आहे आणि ते न करता नागरिकांना उपदेश करण्याचा तिला अधिकार नाही. पण कारखान्याला निदान प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते, तपासणी होते, नोटीस येते. हजारो घरांच्या मिळून होणाऱ्या नासाडीला तर विचारणाराच कुणी नाही. तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो: आमच्या घरात एसी आणि मशीन आत्ता कुठे आलं, पाश्चात्त्यांनी शंभर वर्षं मजा केली, आणि आमची पाळी आली की निसर्ग आठवला. ही तक्रार न्याय्य आहे. फक्त तिचं उत्तर त्यांच्या चुका पुन्हा करण्यात नाही, त्यांनी त्या निस्तरल्या कशा हे पाहण्यात आहे.

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या घरांत पाण्याच्या फ्लशचे संडास आले. घरातली घाण क्षणात नाहीशी होऊ लागली, प्रत्येक घरापुरती ती मोठीच सुधारणा होती. पण फ्लशच्या पाण्याने मैल्याच्या टाक्या भरून वाहू लागल्या, मग सांडपाणी गटारांतून थेट थेम्स नदीत सोडलं गेलं, आणि त्याच नदीचं पाणी लोक पीत होते. कॉलऱ्याने हजारो माणसं गेली. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीची दुर्गंधी नदीकाठच्या संसदेत शिरली, तेव्हा कुठे कायदा हलला आणि अभियंते जोसेफ बॅझलजेट यांनी शहराखाली मैलावाहिन्यांचं प्रचंड जाळं बांधलं. त्यांनी संडास काढून टाकले का? की घरोघरी जाऊन फ्लश कमी ओढायची शिकवण दिली? घरातली सोय घरात राहिली. ती बाहेर जे सोडत होती त्याची जबाबदारी शहराने उचलली. फ्रिजच्या बाबतीत हेच जगाने करून दाखवलं. फ्रिजमधल्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंनी ओझोनचा थर विरळ होतो हे १९७४ पासून शास्त्रज्ञ सांगत होते. १९८७ मध्ये माँट्रियलला करार झाला, १९९२ मध्ये भारतही त्यात आला. कुणाच्याही स्वयंपाकघरातून फ्रिज गेला नाही, त्यातला वायू तेवढा बदलला. ग्राहकांच्या सदसद्विवेकावर हे सोडलं असतं तर झालं असतं का? आपल्याकडेही जानेवारी २०२० पासून नवे एसी मुळातच २४ अंशांवर लावून विकले जावेत असा नियम झाला. कुणाला १८ वर न्यायचं असेल तर रिमोट त्याच्या हातात आहेच, पण सुरुवात कुठून होते याने पुष्कळ फरक पडतो.

म्हणून माझ्या मागण्या पालिकांकडे, बिल्डरांकडे आणि सोसायट्यांच्या कमिट्यांकडे आहेत, कुठल्याही घरातल्या बाईकडे नाहीत. नवी मुंबई आणि ठाणे महापालिकांनी प्रत्येक विभागातल्या नळाच्या पाण्याचा टीडीएस आणि जंतुतपासणीचा निकाल दर महिन्याला सोसायटीच्या फळ्यावर लागेल अशी व्यवस्था करावी. लोकांचा नळावरचा विश्वास परत आला की आरओ आपोआप मागे पडेल. जिथे टँकर किंवा बोअरचं पाणी आहे तिथे आरओची टाकाऊ नळी गच्चीवरच्या वेगळ्या टाकीत नेऊन ते पाणी फ्लशला वापरायची सोय नव्या नकाशांत सक्तीची करावी. जुन्या इमारतींत निदान बादली तरी ठेवता येते. ते पाणी फरशी पुसायला, गाड्या धुवायला चालतं. बांधकाम परवानगी देताना कपडे वाळवायची जागा, आरपार वाऱ्याची खिडकी आणि एसीच्या युनिटांची जागा हे तिन्ही तपासल्याशिवाय नकाशा मंजूर होऊ नये. जिथे माणूस बसतो किंवा झोपतो तिथे बाहेरचं युनिट तोंड करून लावता येणार नाही, हा नियम तर कुठलीही सोसायटी उद्याच्या सर्वसाधारण सभेत करू शकते; त्याला ना कायदा लागतो ना निधी.

नियम झाला की जुन्या युनिटांचं काय, हा प्रश्न सभेत येणारच. ती हलवायला पाइप वाढवावा लागतो, गॅस पुन्हा भरावा लागतो, खर्च येतो. तो खर्च ज्यांचा एसी आहे त्यांनी आणि सोसायटीच्या दुरुस्ती निधीने निम्मा-निम्मा उचलावा असं मला वाटतं, कारण मूळ नकाशात जागाच न ठेवण्याची चूक एका फ्लॅटधारकाची नाही. भाडेकरूंवर मात्र तो टाकू नये. आणि युनिटं हलेपर्यंत वॉचमनची केबिन दुसऱ्या बाजूला नेण्याचं काम तरी थांबू नये. त्याला एक सुतार, एक वायरमन आणि कमिटीची एक सही पुरते.